निळी रेघ हद्दीवर संपते

साहेब, तुम्ही डोंगर न बघता डोंगरावर सही केलीत. हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचायचं की फाईल बंद करायची ते तुम्हाला ठरवता येईल.

करिंपाऱ्याच्या खाणीचा आराखडा तुमच्या टेबलावर पहिल्यांदा आला तेव्हा त्यात तीन टप्पे होते. पहिल्या टप्प्याचा दगड काढायचा. दुसरा टप्पा उघडला की त्याच्या वरची माती, मुरूम, वाया गेलेला दगड पहिल्या खड्ड्यात भरायचा, त्यावर जपून ठेवलेली कसदार माती पसरायची आणि काजू लावायचे. मगच तिसऱ्याला हात. डोंगराच्या डोक्याभोवती चर, चरातलं पाणी गाळाच्या टाकीत, टाकीतलं ओढ्यात. पाण्यासाठी नकाशावर निळी रेघ होती, डोंगरापासून ओढ्यापर्यंत न तुटलेली. तुम्ही ‘भराव’ या शब्दावर काट मारलीत, त्याच्या डोक्यावर ‘जलाशय’ लिहिलंत आणि निळी रेघ खाणीच्या हद्दीपर्यंत आणून तिथं सोडून दिलीत. हद्दीच्या पुढं कागद कोरा राहिला.

त्या कोऱ्या कागदावर विलासिनीचं घर आहे.

विलासिनीच्या भावाला, शशांगनला, ही गोष्ट कळली ती डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत. तो मुदलाळीच्या, म्हणजे मालकाच्या, खाणीवर मेट. सुरुंगाची भोकं कुठं पाडायची, दारू कधी ठासायची, भोंगा कधी वाजवायचा, हे त्याचं काम. पोकलेन चालवणारा रोबिउल, मूळचा मुर्शिदाबादचा पण इथल्या माणसांपेक्षा जास्त कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद, रिचवलेला, डबा घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसला.

“दादा, मिठाई कुठाय?”

“कसली मिठाई?”

“तुमच्या चेचीच्या स्वयंपाकघरामागं झरा फुटलाय म्हणे. खणलं नाही, ठोकलं नाही, आपोआप. बाया घागरी घेऊन उभ्या आहेत.”

शशांगनच्या हातातला उकडलेल्या कप्प्याचा तुकडा मिरचीच्या चटणीत तसाच राहिला.

“घराच्या कुठल्या अंगाला?”

“वरच्या. आपल्याकडच्या.” रोबिउलनं हनुवटीनं खाली दाखवलं. “काय झालं? पाणी लागलं तर माणूस हसतो, दादा. तुम्ही असे पांढरे का पडलात?”

शशांगननं डबा झाकला. दीड वर्षात तो बहिणीच्या दारात गेला नव्हता. आता गेला.

मोठी बहीण. नवरा गेल्यापासून दोन शेळ्या आणि घरामागच्या उतारावरचा कप्प्याचा तुकडा यांवर एकटी राहणारी. वस्तीतल्या बायकांच्या बचतगटाची म्होरकी. जीभ अशी की रबराच्या झाडावरून फिरवली तर चीक वाहायला लागेल. घरामागच्या खडकाच्या पायथ्याशी तिनं अर्धा चिरलेला पोफळीचा ओंडका पन्हळीसारखा लावला होता, खाली पितळी हंडा, शेजारी पेटवलेली समई. खडकाच्या सांध्यातून मनगटाएवढी धार येत होती.

“या, या!” विलासिनी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. “खाणीचे अधिकारी आले. चपला लांब काढा हो. देवीचं पाणी आहे.”

शशांगननं कोनाड्यातला स्टीलचा पेला सोडून काचेची बाटली उचलली, धारेखाली भरली आणि उजेडात धरली. तांदळाच्या धुवणासारखं पाणी.

“चेची, हे कधीपासून?”

“वर खाणीवर बंधारा बांधला त्याच्या दोन-तीन दिवसांनी. आम्ही पुढच्या दारानं अडवलं, देवीनं मागच्या दारानं आमच्या वाटणीचं धाडलं.”

“पहिल्या दिवशी पण असंच होतं? असं दुधाळ?”

“पहिल्या दिवशी आरसा होता आरसा. आता जरा गढूळतंय. उकळून घेते. जन्मभर तुमच्या खाणीची धूळ गिळली, त्यात आणखी चमचाभर.”

खडक नितळ रडत असला तर रडू द्यावं, असं खाणीतली जुनी माणसं सांगायची. गढूळ रडायला लागला तर समजायचं की पाणी आतून काहीतरी उपसून आणतंय. पण जुनी माणसं आणखीही बरंच काय काय सांगायची, आणि त्यातलं अर्धं खोटं निघायचं. शशांगन काही इंजिनिअर नव्हता. त्यानं मान वर करून बघितलं. घराच्या वर खडकाची उभी भिंत होती, तिच्या पलीकडं पहिल्या टप्प्याचा खड्डा, आणि त्या खड्ड्यात काठोकाठ पाणी. मधे फक्त ती भिंत. हद्दीलगत सोडायचा म्हणून सोडलेला दगड, धरणाची भिंत म्हणून कुणी बांधलेला नव्हे.

“चेची, आज माझ्याकडं राहायला चल. शेळ्या पण घे.”

विलासिनीनं पदर खोचला. “तुझ्याकडं? ज्या घरातून माझ्या पाण्याविरुद्ध हात वर झाला त्या घरात?”

“दोन दिवस. पाऊस येतोय. रेडिओवर सांगतायत, समुद्रात कमी दाब…”

“ग्रामसभेत बोललास ते मी विसरले नाही, शशी. ‘खड्डा भरा,’ म्हणालास. सगळ्या वस्तीसमोर. सोसम्मा तीन महिन्यांच्या पोटुशीपणात दोन हंडे घेऊन टेकडी चढत होती तेव्हा. तुला मुदलाळीचा पगार आहे, तुला कशाला पाणी लागतं!”

हे खरं होतं आणि खरं नव्हतंही. त्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या होत्या, टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि डोंगरावर खाणीच्या खड्ड्यात हिरवंगार पाणी साठलेलं. वस्तीनं ठराव केला: खड्डा भरू नका, आम्हाला ठेवा. शशांगन एकटाच उभा राहिला होता. भराव म्हणजे नुसती माती नाही, त्या भिंतीला आतून दिलेला टेकू आहे, असं काहीबाही तो म्हणाला. लोक हसले. मुदलाळीचा माणूस, म्हणाले. गंमत अशी की मुदलाळीला भराव नकोच होता. भरावाचा खर्च वाचला आणि जपून ठेवलेली सगळी कसदार माती त्यानं खालच्या भातखाचरांवर बंगले बांधणाऱ्यांना विकून टाकली. गाळाची टाकी दुसऱ्या टप्प्याच्या रस्त्यात येत होती, तीही बुजवली. वरच्या टप्प्याचं सगळं पाणी तेव्हापासून त्याच खड्ड्यात उतरतं. वस्ती खूश, मुदलाळी खूश. आणि साहेब, तुम्ही दोन्हीकडून शाबासकी घेऊन काट मारलीत.

खड्ड्याच्या पाण्याला एकच वाट ठेवली होती: भिंतीच्या कडेला दगडात कोरलेला सांडवा. गेल्या वर्षीपासून पाऊस ओसरला की वस्तीतले लोक त्यात मातीची पोती रचतात. ओढ्यांवर बंधारे बांधायची इथली पद्धतच आहे. पोफळीचे ओंडके, झावळ्या, चिकणमाती, आणि काम संपलं की कप्पा, माशाची कढी, काळा चहा. दिवसभर हसणं-खिदळणं. ओढ्यावर बांधतात तसंच त्यांनी खाणीवर बांधलं. का बांधू नये? कुणी सांगितलं होतं की हे वेगळं आहे? उलट या वर्षी वरून मोहीम आली. प्रत्येक वॉर्डानं बंधारा पुरा करून फोटो पाठवायचा, उत्तम बंधाऱ्याला बक्षीस. म्हणून या वर्षी पोत्यांच्या दोन थरांनी बंधारा उंच झाला.

“चेची, ऐक…”

“जा रे. भोंगा वाजवायला उशीर होईल तुला.”

शशांगन चढ चढता चढता श्रीकला मॅडमना फोन लावत राहिला. मूळ आराखडा त्यांनी काढला होता. दुरुस्ती झाल्यावर त्यांनी खाणीचं काम सोडलं होतं. चौथ्यांदा फोन उचलला.

“मॅडम, करिंपाऱ्याहून शशांगन. भिंतीच्या बाहेर पाणी येतंय.”

“नितळ की गढूळ?”

तो प्रश्न ऐकूनच त्याचे पाय थांबले. म्हणजे जुनी माणसं खोटं बोलत नव्हती.

“गढूळ. रोज थोडं जास्त.”

“सुरुंग अजून चालू आहेत?”

“रोज चार वाजता. भिंतीपासून जवळच आता.”

“आज करू नका. आणि पाणी उतरवा. पण एकदम नाही हं, थोडं थोडं. मी इथून बसून भिंत पडेल असं म्हणू शकत नाही, शशांगन. पडणार नाही, असंही म्हणणार नाही. ऑफिसला कळवलंत?”

ऑफिसला कळवलं. तुमच्याच खाण खात्याच्या ऑफिसला, साहेब. ज्यानं फोन उचलला त्यानं आधी विचारलं, तुम्ही कोण? मेट. मेटला तक्रार करता येत नाही, खाणमालकाकडून यायला हवी. शिवाय जलाशय पंचायतीच्या ताब्यात दिलाय, म्हणजे पाण्याचा विषय पंचायतीचा. भिंत? भिंत हद्दीत येते की हद्दीबाहेर? पाणी ज्या बाजूनं बाहेर पडतंय ती बाजू हद्दीबाहेर, म्हणजे महसूल खात्याकडं विचारा. आणि हे सगळं लेखी. सोमवारी. उद्या दुसरा शनिवार आहे.

“साहेब, आज पाऊस आला तर?”

“डिसेंबरात?” तो माणूस हसला आणि फोन ठेवला.

खाणीवरच्या शेडमध्ये मुदलाळी क्रशरवाल्याशी बोलत होता. शशांगननं टोपी काढून हातात घेतली.

“आजचा सुरुंग नको, मुदलाळी. भिंत पाझरतेय.”

“भोकं भरून झालीत. दारू ठासलेली भोकं मी रात्रभर तशीच ठेवू? तूच शिकवतोस ना सगळ्यांना, ठासलं की उडवायचं?”

दारू सकाळी शशांगननंच ठासली होती.

“मग मी भोंगा वाजवणार नाही.”

“नको वाजवूस.” मुदलाळीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. “हात काय तुला एकट्यालाच आहेत?”

शशांगन खाली उतरला तो सरळ पंचायत मेंबर जॉयकुट्टीकडं. आभाळ डोंगराच्या पाठीमागून शिसवी झालं होतं. वारा पडला होता. तो मेंबरच्या केळीच्या बागेपाशी पोचला आणि वरून भोंगा वाजला. लांब, लांब, लांब. दुसऱ्याच्या हातचा भोंगा लगेच ओळखू येतो. शेवटचा सूर आखूड काढतात. मग जमिनीनं पायाखालून एक धक्का दिला आणि त्यानंतर आवाज आला. शशांगन कान देऊन उभा राहिला. त्याला दुसरा आवाज, भिंत सुटल्याचा, ऐकायचा नव्हता. तो आला नाही. मग तो मेंबरच्या पायरीवर मटकन बसला.

“अरे, मेट! आज बोनस मिळाला का काय, इतका घाम?” जॉयकुट्टी लुंगी दुमडत बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या दारात प्रेत असलं तर सर्वांत आधी हा हजर.

शशांगननं सांगितलं. बंधारा काढायला हवा. वरून एकेक थर.

“मंगळवारी बक्षिसाची पाहणी आहे,” जॉयकुट्टी हळूच म्हणाला, जणू घरात कुणी आजारी आहे. “फोटो वर गेलाय. त्याला नंबर पडलाय, शशांगन. सरकारी मालमत्ता झाली ती. मी उद्या काढली तर परवा माझ्यावर गुन्हा.”

“आणि भिंत गेली तर?”

“तू लिहून देतोस, जाईल म्हणून?”

“मी कसं लिहून देऊ?”

“झालं तर मग. तू लिहून देत नाहीस, ऑफिसवाला लिहून देत नाही, आणि मी एकट्यानं वस्तीचं उन्हाळ्याचं पाणी सोडून द्यायचं? या बाया मला केळीबरोबर उकडतील रे. त्यात पहिली कोण असेल? तुझी बहीण!”

पावसाचे पहिले टपोरे थेंब केळीच्या पानांवर वाजले. जॉयकुट्टीनं वर बघितलं, मग शशांगनकडं बघितलं, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. त्यानं ‘नको’ म्हटलं नाही. ‘हो’ तर नाहीच म्हटलं.

विलासिनी परसदारी उभी होती. समई विझली होती. तिच्या हातात भाताचं पातेलं.

“ये इकडं,” ती म्हणाली. आवाजातला चिमटा गेला होता. “हे बघ. दुपारी या पाण्यात तांदूळ शिजवले. घास घेतला तर दातांत कचकच. पातेल्याच्या बुडाला बघ.”

बुडाला करडा गाळ बसला होता, बोटाच्या पेरभर. शशांगननं चिमटीत घेऊन चोळला. भांडी घासायची राख असते तसा मऊ, आणि मधेच टोचणारा.

“मी आयुष्यभर अच्छनचे सदरे धुतले,” विलासिनी म्हणाली. त्यांचा बापही खाणीतलाच. “मग तुझे धुतले, लग्न होईपर्यंत. बादलीच्या तळाशी हेच बसायचं. मला शिकवू नकोस हे काय आहे ते. एवढंच सांग, हे पाण्यात कुठून आलं?”

“भिंतीच्या पोटातून.”

त्या दोघांच्या समोर धारेनं एकदा उचकी दिली. थांबली. पुन्हा आली ती मनगटाएवढी नव्हती, दंडाएवढी होती, आणि पोफळीची पन्हळ उडून हंड्यावर आपटली.

विलासिनीनं शेळ्यांची दोरी सोडली, देवघरातला फोटो काढून पोटाशी धरला, शेजारच्या सोसम्माला हाक मारली आणि अंगणवाडीच्या ओट्याकडं चालायला लागली. वळणावर मात्र थांबली.

“शशी. तुला खात्री आहे?”

“नाही.”

“निदान खोटं तरी बोल रे!” ती पावसात ओरडली. “आणि काही झालं नाही ना, तर अख्खा उन्हाळा माझं पाणी तू भरायचंस. डोक्यावरून. सगळ्यांच्या देखत.”

“भरेन.”

बंधाऱ्याशी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं, अजून रात्र नव्हती. वरच्या टप्प्याचं लाल पाणी खड्ड्यात धबधब उतरत होतं. पोत्यांच्या डोक्याला पाणी टेकायला वीतभर उरलं होतं. रोबिउल छत्री घेऊन आधीच येऊन उभा.

“पोकलेननं एका फटक्यात होईल, दादा.”

“एका फटक्यात झालं तर खालची घरं पण एका फटक्यात जातील. मशीन नको.”

“बरंच आहे. किल्ली तशीही मुदलाळीनं काढून घेतलीय.” रोबिउलनं छत्री मिटून झुडपात खुपसली. “हातानं तर हातानं.”

पहिलं पोतं काढायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. बायकांनी चिकणमाती अशी चोपून भरली होती की बक्षीस खरोखर त्यांनाच मिळायला हवं होतं. पहार घालून सैल करायचं, ओढायचं, बाजूला टाकायचं, थांबायचं. पाणी किती वेगानं जातंय ते बघायचं. मग पुढचं. घाई केली तर खाली लोंढा, उशीर केला तर वरून भरतंय त्यापेक्षा कमी निघतंय. शशांगन दर पोत्यामागं भिंतीकडं बघत होता आणि भिंतीकडं बघून काहीच कळत नव्हतं. दगडाला तोंड नसतं. तो काळा, ओला, नेहमीसारखा उभा होता.

लोक जमले. आधी दोघं-तिघं, मग सगळी खालची आळी, डोक्यावर झावळ्या आणि प्लास्टिकचे कागद धरून.

“अरे ए, मेट! आमचं पाणी आहे ते!”

“मुदलाळीनं किती दिले रे?”

“माझ्या हातानं शिवलेलं पोतं आहे ते, शशीअण्णा, हात मोडतील तुझे!”

कुणीतरी चिखलाचा गोळा मारला. तो रोबिउलच्या पाठीत बसला. “आईशप्पथ,” तो म्हणाला, “बारा वर्षांत पहिल्यांदा मला इथल्या माणसासारखं वागवलं.” आणि पुढचं पोतं उचललं.

जॉयकुट्टी गर्दीत मागं उभा होता. ‘थांबवा त्याला,’ असं तो ओरडला, पण पुढं आला नाही, आणि ज्या दोघांनी पुढं यायचा विचार केला त्यांच्या मधोमध नेमका तोच उभा राहिला होता. ते मुद्दाम होतं की नाही हे त्याला आजवर कुणी विचारलं नाही.

सांडव्यातून सुटलेलं पाणी दगडातल्या चरातून हद्दीच्या खांबापर्यंत व्यवस्थित गेलं. निळ्या रेघेवरून, अगदी नकाशाबरहुकूम. आणि खांबापाशी आल्यावर त्याला पुढं वाटच नव्हती. पाणी क्षणभर तिथं फिरलं, पसरलं, मग त्याला सापडली ती पहिली वाट त्यानं धरली. विलासिनीच्या कप्प्याच्या तुकड्यातून. पौष-माघात काढायला आलेले कंद, माणसाच्या उंचीची झाडं, वरंबेच्या वरंबे लाल चिखलात निघाले. शशांगनला वरून ते दिसत होतं. तो पोती काढत राहिला. बहिणीचं घर वाचवायला बहिणीचं शेत वाहून जाऊ देत होता, आणि यातलं काय खरोखर वाचणार होतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

पोत्यांचे चार थर निघाले तेव्हा अंगणवाडीकडून सोसम्मा धावत आली. विलासिनीच्या परसातली धार बारीक झाली होती.

पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला. भिंत पडली नाही.

भिंत पडली नाही, हाच शशांगनचा गुन्हा. पडली असती तर तुम्ही आला असता, साहेब. गाड्या आल्या असत्या, कॅमेरे आले असते, चौकशी बसली असती. उभी राहिली म्हणून कुणी आलं नाही. खड्डा निम्मा उतरला. बक्षीस शेजारच्या वॉर्डाला गेलं. मुदलाळीनं दुसरा मेट ठेवला. फेब्रुवारीत विहिरी आटायला लागल्या आणि मार्चमध्ये खड्ड्यात उरलेलं पाणी हिरवं पडलं.

एप्रिलमध्ये शशांगन रोज सकाळी दोन हंडे घेऊन खालच्या ओढ्यावरून टेकडी चढतो. डोक्यावरून. सगळ्यांच्या देखत. बायका ओट्यावरून बोलतात, “काय हो इंजिनिअर, आज भिंत पडली का?” तो हंडा सावरून पुढं चढतो. विलासिनी हंडा उतरवून घेते. ती पण त्याला चिडवते, मग त्याला चहा देते आणि दुसऱ्या कुणी चिडवलं तर त्याच्या अंगावर जाते. ते भाताचं पातेलं तिनं घासलेलं नाही. गाळासकट उलटं करून वळचणीला ठेवलंय.

पाणी उतरल्यावर भिंतीच्या आतल्या बाजूला भेग दिसली. वरून खाली, तिरकी. जॉयकुट्टी म्हणाला, ती आधीपासून असेल. असेलही. श्रीकला मॅडम सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चानं येऊन गेल्या, भेगेवर दोन ठिकाणी सिमेंटच्या टिकल्या लावायला सांगून गेल्या. भेग वाढली तर टिकली चिरते. त्यांनी तुम्हाला अहवाल पाठवला. तुम्ही पोच दिलीत.

आणि काल नोटीस आली. शशांगनच्या नावानं. परवानगीशिवाय सार्वजनिक जलाशयातलं पाणी का सोडलं, त्याचा खुलासा करावा. त्याच पाकिटात, बहुधा चुकून, मुदलाळीच्या नावाचं दुसरं पत्र आलं: तिसऱ्या टप्प्याला मंजुरी.

शशांगननं नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि हंडे बहिणीच्या दारात उतरवून वर गेला. खालची टिकली शाबूत आहे. वरच्या टिकलीला केसाएवढी चीर आहे. त्यानं बोट फिरवून बघितलं, मग नख लावून बघितलं, मग विलासिनीला वर बोलावलं आणि तिलाही नख लावायला सांगितलं.

“जून कधी लागतो?” तिनं विचारलं, जणू तिला माहीत नव्हतं.

“दीड महिना.”

“मग लिही. तू लिही, मी अंगठा नाही, सही करते. बाकीच्या बायकांच्या पण घेते. शिव्या देतील, पण देतील सही. नख लावायला एकेकीला वर आणते.”

शशांगनचा तो खुलासा हाच. पाणी सोडलं, कारण ते अडवायची परवानगी होती आणि सोडायची नव्हती. आता तुमची पाळी. खड्डा भरायचा की नाही, तिसरा टप्पा थांबवायचा की नाही, यावर तुम्ही समित्या नेमाल, नेमा. त्याआधी एकच सांगा, आणि पाऊस लागायच्या आत सांगा, आणि टेबलावरून नको, इथं विलासिनीच्या परसात उभं राहून सांगा: तुमची निळी रेघ हद्दीच्या खांबाशी संपते, तिथून पुढं पाणी कुठं जातं?

उत्तर द्या.